‘सी’ किती धरायचा?

[दृश्य : अंबाझरी तलावाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायची वाट, पुढे नाग नदीचं पात्र]

22 सप्टेंबर 2023 ची रात्र. नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला. 1870 साली बांधलेला अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नाग नदीनं काठ सोडला आणि पहाटे माणसं जागी झाली ती घरात शिरलेल्या पाण्यामुळे. मोरभवनच्या स्थानकात बसगाड्या बुडाल्या. काहींचा जीव गेला.

हाच पूर पुढे एका वर्गात चर्चेला आला. सिव्हिल अभियांत्रिकीचं तिसरं वर्ष. खुर्च्या गोलात ओढलेल्या, फळा कोरा, पाठ्यपुस्तक नाही. अभियांत्रिकीच्या मुलांनी मानव्यविद्याही शिकाव्यात, असा आग्रह 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं धरला आणि असे तास वेळापत्रकात येऊ लागले. उमरेडहून आलेल्या एका मुलीनं मानव्यविद्येचा हा चर्चेचा विषय निवडला. कसा वाटला, असं विचारल्यावर ती चटकन बोलत नाही. मग म्हणते, “आवडला. अन् लय रागही आला.”

आधी आवडीचं.

[दृश्य : तिची वही, पेन्सिलीनं लिहिलेलं सूत्र]

पावसाचं पाणी नालीत किती येईल, हे काढायची एक सोपी रीत सिव्हिलवाले शिकतात. पावसाची तीव्रता, जागेचं क्षेत्रफळ आणि ‘सी’ यांचा गुणाकार. ‘सी’ म्हणजे पडलेल्या पाण्यातला वाहून जाणारा हिस्सा. बागेसाठी तो साधारण 0.1 ते 0.25 धरतात, डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यासाठी 0.7 ते 0.95. परीक्षेत ‘सी’ प्रश्नातच दिलेला असतो. तो उचलायचा, गुणायचं, उत्तराखाली दोन रेघा ओढायच्या.

चर्चेच्या तासाला एक मुलगा त्याच्या गल्लीबद्दल बोलला. सिमेंटचा रस्ता झाला आणि रस्त्याची पातळी घराच्या उंबरठ्यापेक्षा वर गेली. “पहिले पाणी रस्त्यानं जात होतं, आता आमच्या घरातून जाते.” तिनं त्या दिवशी वहीत लिहिलं : सी कोण ठरवतं? खाली तिचंच उत्तर आहे : जो रस्त्याची निविदा काढतो तो.

मग ‘शंभर वर्षांच्या पुरा’ची गोष्ट निघाली. अर्धा वर्ग समजत होता, एकदा आला की शंभर वर्षं निर्धास्त. तिनं तिथंच हिशोब मांडला. असा पूर येण्याची दरवर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांत एकदा तरी तो येण्याची शक्यता जवळपास 26 टक्के. घराचं कर्ज फिटायच्या आत! सगळे गप्प झाले आणि सरांनी विचारलं, मग नाला किती वर्षांच्या पुरासाठी बांधायचा? पंचवीस की शंभर? शंभरचा बांधला तर खर्च वाढतो, पंचवीसचा बांधला तर कुणाच्या तरी घरात पाणी जाणार. कुणाच्या, हे कोण ठरवणार?

अभियंत्याला हा प्रश्न नोकरीच्या पहिल्या वर्षी भेटतो आणि तोवर त्याला तो कुणीच विचारलेला नसतो. आमच्या मते एवढ्या एका प्रश्नासाठी हा तास वेळापत्रकात असायला हवा.

[दृश्य : वर्ग. काही मुलं हिरिरीनं बोलताहेत, ती ऐकते आहे]

आता रागाचं.

गुणांचा मोठा वाटा सहभागाला होता, आणि सहभाग म्हणजे बोलणं, तेही इंग्रजीत. दहावीपर्यंत ती मराठी शाळेत शिकली. “मी मनात वाक्य जुळवून राहते, तोवर विषय पुढे निघून जाते,” ती सांगते. ज्या दिवशी तिनं हिशोब मांडला, त्या दिवशीही जास्त गुण अस्खलित बोलणाऱ्यांच्या पदरात पडले.

दुसरी तक्रार आम्हाला जास्त गंभीर वाटते. सांडव्यासमोरच्या विवेकानंद स्मारकामुळे, म्हणजे तिथल्या पुतळ्यामुळे, पाणी अडतं का, हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. वर्गातही त्यावर तासभर खडाजंगी झाली. पुतळा हलवावा, हलवू नये. सांडव्यातून किती पाणी जाऊ शकतं, स्मारकामुळे ते किती अडतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. नकाशा कुणी आणला नव्हता. तिच्या जिवाला ते लागलं. “आम्ही सिव्हिलचे आहोत ना? मग आकडा न पाहता मत कसं देऊन राहिलो?”

बरोबर आहे तिचं. आकड्यांशिवाय चर्चा झाली तर जो मोठ्यानं बोलतो तो जिंकतो, आणि तसं जिंकलेलं मत घेऊन मुलं उद्या कुणाच्या तरी वस्तीचा नाला आखतील. तासाच्या आधी नकाशा, पावसाच्या नोंदी, नदीकाठच्या चार घरांशी बोलून आणलेली माहिती, एवढी तयारी सक्तीची करायला हवी. आणि मराठीत बोलू द्यायला हवं. पूर आलेल्या घरांतली माणसं मराठी-हिंदीतच बोलतात. त्यांना समजावता येणं हाही कामाचाच भाग आहे.

घरी बाबांचा प्रश्न वेगळाच. याचा प्लेसमेंटला उपयोग काय? त्यावर तिच्याकडे अजून उत्तर नाही.

ज्युनिअर मुली मात्र विचारतात, ताई, हा विषय घेऊ का? ती सांगते, “घ्या. पण गुण कशाचे देणार, ते पहिल्याच तासाला सरांना विचारून घ्या.”