चोरून रेकॉर्ड केलेल्या टेपवरचे ब्लूजब्रेकर्स

(दृश्य: साठच्या दशकातलं लंडन. पबचा दर्शनी भाग.)

वेस्ट हॅम्पस्टेडमध्ये रेल्वे हॉटेल नावाचा पब होता. वरच्या मजल्यावर क्लूक्स क्लीक हा क्लब भरायचा, आणि अगदी शेजारीच डेका या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ. त्यामुळे ७ डिसेंबर १९६४ ला तिथला ब्रिटिश ब्लूज गायक-वादक जॉन मेयॉलचा (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं) कार्यक्रम रेकॉर्ड करायचा ठरलं, तेव्हा डेकाने सरळ स्टुडिओपासून क्लबपर्यंत केबली ओढल्या. सगळं रीतसर, कंपनीच्या खर्चाने.

१९६७ साली याच क्लबात मेयॉलचं आणखी एक रेकॉर्डिंग झालं. या वेळी ना केबल, ना कुणाची परवानगी. हॉलंडचा एक चाहता स्पूलचा टेपरेकॉर्डर गुपचूप आत घेऊन गेला. आणि एवढ्यावर थांबला नाही. वॉर्डर स्ट्रीटवरचा मार्की क्लब, ब्रिक्स्टनचा रॅम जॅम, मॅनर हाउस, ब्रॉमली... जिथे जिथे मेयॉलचा बँड ब्लूजब्रेकर्स, तिथे हा आणि त्याचं यंत्र.

(दृश्य: फिरणारी स्पूल. चौघांची कृष्णधवल छायाचित्रं.)

मेयॉल ३३ वर्षांचा. गिटारवर पीटर ग्रीन, वय २०. आदल्याच वर्षी नावाजलेला गिटारवादक एरिक क्लॅप्टन बँड सोडून गेला होता; त्याच्या जागी उभं राहायचं म्हणजे चेष्टा नव्हती. बासवर जॉन मॅकव्ही. ड्रम्सवर काही काळ मिक फ्लीटवुड. पिण्यापायी मेयॉलने त्याला लवकरच घरी पाठवलं. खरं तर मॅकव्हीही त्या बाबतीत काही कमी नव्हता, पण त्याला काढायचं आणि परत घ्यायचं, हे मेयॉलच्या अंगवळणीच पडलं असावं.

१३ ऑगस्टला विंडसरच्या महोत्सवात ग्रीन आणि फ्लीटवुड नवा बँड घेऊन उभे राहिले. नाव, फ्लीटवुड मॅक. गंमत अशी, की ज्याच्या नावाचा अर्धा भाग त्यात होता, तो मॅकव्ही अजून मेयॉलकडेच वाजवत होता!

(ध्वनी: टेपची खरखर, मग गिटार.)

एकच चॅनेल. गाणं, गिटार, ड्रम्स, लोकांचा गलका, सगळं एकाच पट्टीवर येऊन बसलेलं. आवाज कोंदट आहे, उगाच कौतुक नको. पण अमेरिकन ब्लूज गिटारवादक टी-बोन वॉकरचं ‘स्टॉर्मी मंडे’ सुरू झालं, की कान आपोआप जुळवून घेतो. ग्रीन घाई करत नाही. दोन सूर, मग मोकळी जागा, मग एक लांबवलेला सूर. स्टुडिओत ही चौकडी फारच थोडं वाजवून गेली. क्लबात ती कशी खुलायची, ते या टेपमुळेच कळतं.

जवळजवळ पन्नास वर्षं या टेपा रसिकांच्या कानावर पडल्याच नव्हत्या. मग मेयॉलने स्वतःच त्या मिळवल्या, निर्माता एरिक कॉर्नबरोबर साफसूफ केल्या आणि २०१५ मध्ये ‘लाइव्ह इन १९६७’ नावाने बाहेर काढल्या. म्हणजे ज्याच्या घरी चोरी झाली, त्यानेच तो माल उजळ माथ्याने बाजारात आणला. परवानगीशिवाय रेकॉर्ड करणं गैर, हे मान्य. पण इथे तक्रार करायची कुणी?

पुढे दुसरा आणि तिसरा भागही आला. ऐकायचंच असेल, तर अमेरिकन ब्लूज गिटारवादक फ्रेडी किंगचं ‘द स्टंबल’ घ्या. आधी मेयॉलच्या ‘अ हार्ड रोड’ या स्टुडिओ अल्बमवरचं, ड्रम्सवर एन्सली डनबर, सगळं घोटीव. आणि लगेच हे क्लबातलं. आवाज जरा मोठा ठेवा.