कढईत गर्दी नको

[सुरुवात: स्लो मोशन. काळी कढई, हवेत उडालेला भात, मागून खिडकीचा उजेड. आवाज फक्त जाळाचा.]

हा जो चिकन फ्राइड राइसचा भात हवेत दिसतोय ना, हा शॉट अकराव्या वेळी मिळालाय. आधीच्या दहा वेळा एकतर भात ओट्यावर सांडला नाहीतर फोकस गेला, त्यामुळे मी हा शॉट दोनदा वापरणारे, आत्ता एकदा आणि पुढे एकदा, चालवून घ्या.

नीट बघा, एकेक शीत सुटं आहे, चिकटून उडालेला गोळा एकही नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती इथं लांबूनच होते, बोटानं दाबून बघायची गरज नाही.

हात ताईचे आहेत. चेहरा दाखवायचा नाही ही तिची अट, आणि खरं सांगायचं तर हातच जास्त बोलतात.

हॉटेलातले शेफ हेच उडवणं किती वेगानं करतात हे अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी व्हिडिओ लावून मोजलं, २०२० साली ते छापून आलं. सेकंदाला साधारण २.७ वेळा! त्यात कढई पुढेमागे सरकते आणि त्याच वेळी सी-सॉसारखी झुलते, कड चुलीला टेकलेलीच असते, उचलून धरत नाहीत. हे करणाऱ्या शेफ लोकांचे खांदे दुखतात म्हणून तर अभ्यास झाला होता. ताईचा वेग मी मोजला नाही आणि मोजला असता तरी सांगितला नसता.

पण ही डिश उडवण्यावर ठरतच नाही. उलथन्यानं खालीवर केलं तरी तोच भात होतो. ठरतं ते आदल्या रात्री. तांदूळ धुण्याचं, शिजवण्याचं शूट आमच्याकडे नाही, त्यामुळे थेट डब्यापासून सुरू करू.

[दृश्य: फ्रिजमधून स्टीलचा डबा. झाकण निघतं. भाताची वडी. क्लोजअप.]

हे बघा. डबा उपडा केला तरी भात पडत नाही, डब्याच्या आकारातच घट्ट बसलाय. कुणी म्हणेल वाळला, गेला, टाकून द्या. आणि तिथंच चूक होते, कारण फ्राइड राइसला भात असाच लागतो.

तांदळात स्टार्च असतो. गरम पाण्यात तो पाणी पिऊन फुगतो, साधारण साठ-सत्तर डिग्रीच्या पुढे त्याची रचनाच मोडते आणि म्हणून ताजा भात मऊ आणि चिकट लागतो. शिजलेल्या भाताच्या वजनात जवळजवळ दोन तृतीयांश पाणीच असतं, आपण भात खातो म्हणजे बरंचसं पाणीच खातो. आता हा भात गार झाला की मोडलेली रचना परत जुळायला लागते, स्टार्चच्या साखळ्या एकमेकींना धरून बसतात आणि शीत कडक होतं. फ्रिजच्या थंडीत हे अजून लवकर होतं. ब्रेड शिळा होऊन कडक होतो तोसुद्धा याच प्रकारानं. शिवाय फ्रिजमध्ये वरचा ओलावाही जरा कमी होतो. म्हणजे आतून घट्ट आणि बाहेरून कोरडं असं शीत हातात येतं, तेलात पडल्यावर ते शेजाऱ्याला चिकटत नाही, स्वतःपुरतं भाजतं.

[दृश्य: ओली बोटं भाताची वडी फोडतायत. शीतं ताटात पडतायत. वीस सेकंद, कट नाही.]

हा शॉट मी मुद्दाम लांब ठेवलाय. ताई हात पाण्यात बुडवून झटकते, मग वडीच्या कडेनं सुरुवात करते, मधून कधीच नाही, कारण मधून दाबलं की शीतं तुटतात आणि तुटलेलं शीत कढईत पीठ सोडतं. चमच्यानं केलं तर लवकर होईल असं मी कॅमेऱ्यामागून म्हणालो होतो.

"तू शूट कर रे," एवढंच उत्तर आलं, ते ऑडिओत आहे, ठेवलंय.

ज्यांच्याकडे कालचा भात नाही त्यांनी तांदूळ तीन-चार पाण्यानं धुवावा, नेहमीपेक्षा पाणी जरा कमी घालून शिजवावा, आणि मोठ्या ताटात पातळ पसरून पंख्याखाली ठेवावा, वाफ गेली की तसाच उघडा थोडा वेळ फ्रिजमध्ये. कालच्या भाताची सर पूर्ण येत नाही पण गिचका तरी होत नाही. तांदूळ लांब दाण्याचा घ्या, आखूड चिकट तांदळाचा मोकळा भात करणं म्हणजे उगाच स्वतःला त्रास.

आणि हो, भात रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही, तासाभरात गार करून फ्रिजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा, कारण बॅसिलस सेरियस नावाच्या बॅक्टेरियाचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि बाहेर राहिलेल्या भातात जे विष तयार होतं ते परत गरम करून जात नाही. पुढे जाऊ.

[दृश्य: चॉपिंग बोर्ड. अर्धवट गोठलेलं चिकन. सुरी.]

चिकन बोनलेस, मांडीचं. छातीचं पण चालतं पण ते मिनिटभर जास्त झालं की दोरखंड होतं, मांडीचं जरा सांभाळून घेतं. अर्धवट गोठलेलं असताना कापलं की सुरी सरळ जाते, पातळ काप पडतात. धागे ज्या दिशेनं आहेत त्याला आडवं कापायचं, म्हणजे चावताना लांब धागा तोंडात येत नाही. चिकन नळाखाली धुतलेलं नाही हे बघून बरेच जण नाक मुरडतील, पण धुण्यानं बॅक्टेरिया मरत नाहीत, फक्त सिंकभर उडतात. मरतात ते उष्णतेनं, आतपर्यंत ७४ डिग्री झालं की काम झालं.

कापांना थोडा सोया सॉस, चमचाभर कॉर्नफ्लोअर, चमचाभर तेल चोळून पंधरावीस मिनिटं ठेवलं होतं. कॉर्नफ्लोअरचा पातळ थर बसतो, आतला रस आतच राहतो. चिकनचं एवढंच. नावात चिकन आधी येत असलं तरी डिश भाताची आहे, माझं हे मत आहे आणि एडिटिंग माझ्याकडे आहे.

[दृश्य: रिकामी कढई. हळूहळू धूर. तेल पडतं, तळाशी लाटांसारखं पसरतं.]

लोखंडी कढई, रिकामी, मोठ्या आचेवर, धुराची पहिली रेघ येईपर्यंत. नॉनस्टिकला हे करू नका, ते कोटिंग रिकामं एवढं तापवण्यासाठी नसतं. मग तेल, रिफाइंड, वास नसलेलं. तेल गोल फिरवल्यावर त्यावर ज्या बारीक लाटा दिसतायत ना, तो इशारा. त्याच्या आधी काही टाकलं तर चिकटणार.

आता मला ज्याच्यासाठी हा व्हिडिओ करायचा होता ते.

घरचा गॅस आणि हॉटेलातला गॅस यात फार फरक आहे. घरचा मोठा बर्नर साधारण तीन किलोवॅटचा, हॉटेलातला वोकचा, म्हणजे चिनी कढईचा, बर्नर त्याच्या दहापट जाऊ शकतो. दक्षिण चीनमधले, कॅन्टनकडचे लोक ज्याला 'वोक हे' म्हणतात, म्हणजे कढईचा श्वास, तो धुरकट खमंग वास त्या आगीतून येतो. आपण काय करतो, तो वास हवा म्हणून सॉस वाढवतो, व्हिनेगर वाढवतो, अजून काहीतरी बाटली उघडतो. आणि कढईत चार माणसांचं सगळं एकदम ओततो.

हिशोब करून बघा. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण २२६० ज्यूल लागतात. अर्धा किलो चिकन शिजताना शंभरेक ग्रॅम पाणी आरामात सोडतं. तीन किलोवॅटच्या बर्नरची निम्मी उष्णता जरी कढईत पोचली असं धरलं, तरी ते शंभर ग्रॅम उडवायलाच अडीच मिनिटं गेली. त्या अडीच मिनिटांत काहीच भाजलं जात नाही, कारण पाणी असेपर्यंत तापमान शंभर डिग्रीच्या आसपास अडकतं आणि खमंगपणा यायला १४० वगैरे तरी लागतात. म्हणजे तुम्ही फ्राइड राइस करतच नाही आहात, तुम्ही भात उकडताय. त्यात वरून भाज्यांचं पाणी, वरून सॉस. मग जे होतं त्याला खिचडी म्हणणं हा खिचडीचा अपमान आहे.

उपाय एकच, गर्दी नको. एका वेळी दोन वाट्या भात, त्याच्या मापात बाकी सगळं, जास्तीत जास्त दीड माणसाचं. खाली करा, कढई परत तापवा, पुढचा घाणा. घरच्या गॅसवर आग वाढवता येत नाही पण माल कमी करता येतो.

वेळ थोडा जास्त लागतो.

[दृश्य: भिंतीवरचं घड्याळ, सव्वाआठ.]

उलट टोकाचा किस्सा सांगतो. चीनमधल्या यांगझोउ शहराचा फ्राइड राइस सगळ्यात प्रसिद्ध, २०१५ साली तिथं विक्रम करायचा म्हणून चार टनांवर फ्राइड राइस केला गेला. पुढे कळलं की त्यातला काही डुकरांच्या फार्मवर गेला, आणि गिनेसनं तो विक्रम रद्द केला, अन्न वाया घालवायचं नाही असा नियम होता. ढीगभर भात केला की तो डुकरांपर्यंत जातो, मी एवढंच म्हणेन.

[दृश्य: अंडं कढईत. चर्र. फुगतं.]

अंडी आधी. फेटून सोडली की कडेनं फुगतात, वीस सेकंदांत मोठे तुकडे करून बाहेर, थोडी ओलसर असतानाच, कारण परत आत जायची आहेत. मग चिकन, एका थरात, आणि हात लावायचा नाही. हे सगळ्यात अवघड आहे. सगळ्यांना ढवळायचं असतं. खालून सोनेरी झालं की आपोआप सुटतं, मग उलटायचं, शिजलं की तेही बाहेर ताटलीत.

मग थोडं तेल, लसूण, आलं, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग. दहा सेकंद, लसूण काळा झाला तर सगळा घाणा कडू. गाजर, फरसबी, सिमला मिरची, बारीक आणि कोरडी. कोरडी म्हणजे धुवून फडक्यावर पसरलेली, नळाखालून थेट कढईत नाही.

आणि भात.

[दृश्य: पहिलाच शॉट परत, पण नॉर्मल स्पीडला. पूर्ण आवाजासकट.]

हा आवाज ऐका. भात पडल्यावर आधी चर्र, मग हळूहळू तो आवाज बारीक होतो, आणि साधारण दोन मिनिटांनी टिकटिक टिकटिक असा येतो, शीतं कढईवर उड्या मारतात तो. ताई डोळ्यानं बघत नाही, तो आवाज यायची वाट बघते. तो येईपर्यंत सॉसच्या बाटलीला हात नाही.

[दृश्य: कढईच्या कडेवरून काळपट धार. वाफेचा लोट. लेन्स धुरकट.]

सॉस भातावर नाही, कढईच्या कडेनं. तापलेल्या लोखंडावर पडला की तिथंच फसफसतो, करपायच्या जरा अलीकडे येतो, आणि तो वास भाताला लागतो. घरच्या गॅसवर कढईचा श्वास मिळाला तर इथूनच मिळेल. एका घाण्याला दोन चहाचे चमचे लाइट सोया, रंगाला डार्क सोयाचे चार थेंब. मीठ चव बघूनच, कारण सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमपेक्षा जास्त मीठ आधीच असतं. पांढरी मिरपूड.

चिमूटभर अजिनोमोटोही घातलंय, शॉटमध्ये दिसतंय त्यामुळे लपवत नाही. १९०८ मध्ये जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं, तीच ही चव, टोमॅटोत आणि चीजमध्येही असते. १९६८ साली एका मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका पत्रावरून जी बदनामी सुरू झाली ती अजून चालूच आहे. नको असेल तर घालू नका, भात मोकळा असेल तर त्यावाचून अडत नाही.

चिकन आणि अंडी परत आत, पातीचा हिरवा भाग, गॅस बंद करून.

[दृश्य: ताटल्या एकामागून एक ओट्यावरून उचलल्या जातात. मागून बाहेरच्या खोलीतलं हसणं. कढई परत गॅसवर. पुन्हा भात, पुन्हा ताटली. घड्याळ, नऊला पाच कमी.]

इथं निवेदन नाही.

[दृश्य: शेवटचा घाणा. कढईच्या तळाशी चिकटलेला करपट थर, उलथन्यानं खरवडला जातोय.]

"ताई, तुझी ताटली कुठंय?"

"कशाला, हे आहे ना इथं."

[ती उभ्यानंच कढईतून खाते. तळाचा कुरकुरीत भात, दाताखाली येणारा आवाज. मागून कुणीतरी हाक मारतं, अजून आहे का? कॅमेरा चालूच. कट टू ब्लॅक.]