बारावीनंतर घंटा वाजत नाही: वसतिगृहातल्या मोठ्या मुलांची तयारी कशी करून घ्यायची

नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावात मुलांच्या वसतिगृहाचा गृहपाल आहे. सोळा वर्षं झाली. आमच्याकडे पाचवीपासून बारावीपर्यंतची मुलं राहतात, पण आज मला बोलायचंय ते फक्त अकरावी-बारावीच्या मुलांबद्दल. सोळा, सतरा, अठरा वर्षांची मुलं. दोन वर्षांत ही मुलं पुण्याला, नाशिकला, कुठंतरी एकटी राहायला जाणार आहेत. तुम्ही गृहपाल असाल, आश्रमशाळेत अधीक्षक असाल, किंवा तुमचं मूल वसतिगृहात असेल, तर कृपा करून शेवटपर्यंत ऐका.

आधी एक प्रसंग सांगतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. सहावीपासून आमच्याकडे असलेला एक मुलगा बारावी पास होऊन पुण्याला कॉलेजला गेला. हुशार, शांत. सात वर्षांत एकदाही त्याची तक्रार नाही, त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. सप्टेंबर महिन्यात एसटी स्टँडवर त्याच्या गावचे एक गृहस्थ भेटले. म्हणाले, "सर, तो परत आलाय. कॉलेज सोडलं म्हणतो." रविवारी मी त्याच्या घरी गेलो. ओसरीवर बसला होता, गालफडं बसलेली. बराच वेळ काही बोलेना. मग हळूहळू कळलं. योजनेचा हप्ता खात्यावर पडला नव्हता. घरून नेलेले पैसे पंधरा दिवसांत संपले. त्यानंतर दीड महिना सकाळी बिस्किटचा पुडा आणि संध्याकाळी एक वडापाव. खोलीतल्या दोघांना त्यानं सांगून ठेवलं होतं, "मी मामाकडे जेवतो."

मी म्हटलं, "अरे, मला एक फोन करायचा नाहीस?"

तो खाली बघत म्हणाला, "सर, तुम्हीच सांगायचात ना, कुरकुर करायची नाही."

त्या दिवशी मी घरी आलो आणि मला जेवण गेलं नाही. कारण ते खरं होतं. माझ्या वसतिगृहात कुरकुर नाही, हे मी तपासणीला येणाऱ्या साहेबांना अभिमानानं सांगत असे. मागायचं कसं, अडचण आली की कुणाला सांगायचं, हे मी त्याला शिकवलंच नव्हतं. उलट सात वर्षं त्याची ती सवय मीच मोडली होती.

आता जरा आपल्या वसतिगृहाचा दिवस आठवा. पहाटे साडेपाचला घंटा. प्रार्थनेची घंटा. नाश्त्याची, शाळेची, जेवणाची, अभ्यासाची, झोपायची घंटा. औषध कार्यालयाच्या कपाटात. कागदपत्रं कार्यालयाच्या कपाटात. गावाला जायचं तर अर्ज, पालकाची सही, मग गेट पास. लहान मुलांसाठी हे सगळं हवंच, मी ते कमी करा असं म्हणत नाही. पण बारावीच्या शेवटच्या पेपरपर्यंत आपण सतरा-अठरा वर्षांच्या मुलालाही असंच ठेवतो. पेपर संपतो, मुलगा ट्रंक उचलतो, आणि त्या दुपारपासून एकही घंटा नाही. जिना उतरायच्या ऐवजी आपण त्याला गच्चीवरून उडी मारायला लावतो.

हे आपल्याकडे पहिल्यापासून असं नव्हतं, म्हणून थोडं मागे जातो. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजातल्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला मदत केली. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नाव मिळालं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवायची, हे आपल्याला पाठ असतं. पण तिथली मुलं स्वयंपाक स्वतः करायची, शेतात राबायची, बोर्डिंगचं काम अंगावर घ्यायची, हे आपण पटकन विसरतो. 'कमवा आणि शिका' ही तिथली रोजची दिनचर्या होती. मुलांना खायला घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी, म्हणजे कर्मवीरांच्या पत्नीनं, अंगावरचे दागिने मोडले. माया एवढी होती, आणि तरी मुलाच्या हातात काम होतं. आपण माया ठेवली, काम काढून घेतलं.

आता आम्ही काय बदललं ते सांगतो.

पहिलं म्हणजे घंटा. दिवाळीच्या सुट्टीवरून परत आलं की बारावीच्या खोल्यांना उठवायला कुणी जात नाही. घड्याळ त्यांचं, जबाबदारी त्यांची. पहिल्या वर्षी तीन मुलं आठवडाभर नाश्त्याला मुकली. मला ते बघवत नव्हतं, खरं सांगतो. स्वयंपाकीणबाईंनी दोन पोळ्या झाकून ठेवल्या होत्या, त्यांनाही मी नको म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात मुलांनीच आपसात ठरवलं, कोण कुणाला उठवणार.

दुसरी गोष्ट पैसे. इथं जरा थांबतो, कारण मुलं सगळ्यात जास्त इथंच पडतात. २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागानं शहरांतल्या वसतिगृहांची खाणावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट मुलांच्या खात्यावर द्यायचं ठरवलं. महिन्याला तीन-साडेतीन हजार रुपये. त्याच वर्षी जुलैमध्ये शेकडो मुलं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली, आमची खाणावळ परत द्या म्हणून. मला ती मुलं बरोबरच वाटली. ज्यानं आयुष्यात पाचशेची नोट स्वतः मोडलेली नाही, त्याच्या हातात महिन्याचं जेवण देऊन त्याला एकटं सोडणं याला मी स्वावलंबन म्हणणार नाही.

पण आज बहुतेक मुलांना पैसे खात्यावरच येणार आहेत. स्वाधार योजना घ्या, म्हणजे सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठीची राज्य सरकारची योजना. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरात शिकणाऱ्या मुलासाठी ही योजना सुरू झाली तेव्हा वर्षाला ६०,००० रुपये ठरले. भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. मी मुलांना हे फळ्यावर मांडायला लावतो. निवासाचे २०,००० भागिले बारा, म्हणजे महिन्याला १,६६६. मग म्हणतो, आता पुण्यात शिकणाऱ्या आपल्या जुन्या मुलांना फोन लावा आणि एका कॉटचं भाडं विचारा. गेल्या वर्षी तीन हजारांच्या खाली कुणी आकडा सांगितला नाही. फळ्यासमोर उभा असलेला मुलगा गप्प झाला. मग एक जण म्हणाला, "सर, मग डिपॉझिट कुठून?" हा प्रश्न फेब्रुवारीत, माझ्यासमोर पडला, म्हणून त्यावर काही करता आलं. जुलैत पुण्यात पडला असता तर तो बिस्किट खात बसला असता. आणि हप्ता उशिरा पडतो, हे धरूनच चालायचं. पहिल्या तीन महिन्यांची सोय कुठून, हे प्रत्येक मुलाच्या वहीत लिहिलेलं असलं पाहिजे: घरून किती, सुट्टीत काम करून किती, कुणाकडून उसने.

खातं तर लवकरच काढायला हवं. दहा वर्षांपुढचं मूल बँकेत स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू शकतं. आम्ही अकरावीतच मुलांना बँकेत नेतो, स्लिप त्यांनाच भरायला लावतो. चुकली तर दुसरी घेऊन पुन्हा भरायची.

आणि एक धोका कळकळीनं सांगतो. मुलांना कुणीतरी भेटतं आणि म्हणतं, तुझं खातं आणि एटीएम कार्ड महिनाभर वापरायला दे, दोन-तीन हजार देतो. त्या खात्यावरून फसवणुकीचे पैसे फिरतात आणि पोलीस येतात ते या मुलाच्या दारात. गरजू मुलगा यात हमखास अडकतो. मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा: खातं, सिमकार्ड, ओटीपी कुणालाही नाही, मित्रालाही नाही. फसवणूक झालीच तर १९३० या नंबरवर लगेच फोन.

तिसरी गोष्ट ही.

[जाडजूड प्लास्टिकची फाईल कॅमेऱ्यासमोर धरून]

मुलाची कागदपत्रं मुलाच्या हातात. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आधार, बँक पासबुक, मार्कशीट. जात पडताळणीचं प्रकरण अकरावीतच दाखल करा, कारण प्रवेशाच्या वेळी तेवढ्या एका कागदासाठी मुलांच्या जागा गेलेल्या मी पाहिल्यात. पण माझा भर वेगळ्या गोष्टीवर आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात मी जात नाही, मुलगा जातो. मी बाहेरच्या चहाच्या टपरीवर बसतो. तो आत जातो, परत येतो, "सर, ते उद्या या म्हणतात." मी विचारतो, "का उद्या, हे विचारलंस का?" पुन्हा आत जातो. दोन-तीन खेपांनंतर त्याचा आवाज बदलतो. "साहेब, कोणता कागद कमी आहे, तेवढं सांगा," हे वाक्य नीट, न घाबरता म्हणता येणं म्हणजे निम्मं स्वावलंबन आलं, असं मी मानतो. घरी पावरी किंवा कोकणी अशी आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलाला शहरातल्या खिडकीशी मराठीतून बोलणं किती जड जातं, हे आपण लक्षातच घेत नाही.

आता तब्येत. आमच्या भागात सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं आहेत. या मुलाला डॉक्टरांनी दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी रोज घ्यावी लागते, काहींना हायड्रॉक्सियुरिया हे औषधही असतं. पाणी भरपूर प्यायचं, थंडीत अंग उघडं ठेवायचं नाही, सांधे आणि हाडं एकदम दुखायला लागली किंवा ताप चढला तर वाट न बघता दवाखाना. हे सगळं कुणाला माहीत? मला. गोळ्या कुणाच्या कपाटात? माझ्या. एक मुलगा सात वर्षं ती गोळी घेत होता आणि तिचं नाव त्याला सांगता येत नव्हतं. "ती पिवळी," म्हणायचा. आता बारावीच्या सुरुवातीला औषधाचं पाकीट मुलाच्या ताब्यात जातं. पहिला महिना मी रोज विचारतो, दुसरा महिना आठवड्यातून एकदा, नंतर त्यानं मला येऊन सांगायचं. संपायच्या आठ दिवस आधी नवीन कुठून आणायचं, तेही त्यानंच. आणि आपला आजार दुसऱ्याला दोन वाक्यांत सांगायचा सराव. खोलीतल्या मित्राला तरी माहीत असायला हवं, रात्री दोन वाजता त्याला दवाखान्यात नेणार कोण?

मनाचं काय, असं बरेच जण विचारतात. माझा अनुभव असा, की सतरा वर्षांच्या मुलाला कार्यालयात समोरच्या खुर्चीवर बसवून "काही अडचण आहे का?" विचारलं, की उत्तर एकच येतं. "नाही सर." म्हणून मी शनिवारी संध्याकाळी कोठीत जाऊन बसतो. परातीत तांदूळ घेऊन मुलांबरोबर निवडतो. डोळे तांदळावर, हात चालू, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. अर्ध्या तासानं कुणीतरी आपोआप बोलायला लागतं. वडील दारू पितात. कॉलेजात भाषेला हसतील. एक मुलगी आवडते. कायदा काय सांगतो, अठराच्या आतल्या मुलीच्या बाबतीत तिचा होकार कायदा धरत नाही, हेही मी तिथंच सांगितलंय, कुणाला न लाजवता. मुलींच्या वसतिगृहात ताईंनीही हे बोलायला हवं. आणि ज्याचं मन फारच खचलंय असं दिसतं, त्याला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी माझ्यासमोर लावायला लावतो. एकदा लावून पाहिलेला नंबर अडचणीत पुन्हा लावणं सोपं जातं.

ज्यांना आईवडील नाहीत, जी मुलं बालगृहात वाढली, त्यांच्या बाबतीत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. बाल न्याय कायद्यानं अठरानंतर एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या आधाराची सोय ठेवली आहे. अनाथ प्रमाणपत्र आणि या आधारासाठीचा अर्ज, दोन्ही संस्था सोडायच्या आधी व्हायला हवेत. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जाऊन विचारा.

शेवटचं म्हणजे फोन. मूल बाहेर पडल्यावर पहिले शंभर दिवस आम्ही फोन करतो. दर रविवारी. माझ्याकडे त्याची वेगळी नोंदवही आहे. "बरं आहे ना?" असं विचारत नाही, त्याला उत्तर "हो सर" एवढंच येतं. मी विचारतो, "काल रात्री काय जेवलास? कुठं जेवलास? किती रुपये लागले?" यात खोटं बोलायला वेळ लागतो, आणि तेवढ्या गप्पपणावरून मला कळतं.

तो मुलगा, ज्याच्याबद्दल सुरुवातीला बोललो, पुढच्या वर्षी परत गेला. यंदा त्याचं शेवटचं वर्ष आहे. दर दिवाळीनंतर तो एक दिवस आमच्याकडे येतो, कोठीत बारावीच्या मुलांबरोबर तांदूळ निवडायला बसतो, आणि 'मामाकडे जेवतो' ही गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगतो. मी तेव्हा तिथं थांबत नाही.

निघताना प्रत्येक मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर तीन नंबर हातानं लिहिलेले असतात: अडचण आली तर पहिला फोन कुणाला, दुसरा कुणाला, तिसरा कुणाला. घरचा एक, माझा एक, आणि तिसरा त्यांनी स्वतः निवडायचा. यंदा बारा मुलं बाहेर पडली. नऊ वह्यांवर तिसरा नंबर त्याचा आहे.