प्रेक्षक होते, चॅनेल सापडत नव्हतं

(दृश्य: खचाखच भरलेलं स्टेडियम, पेनल्टीच्या ठिपक्यावर ठेवलेला चेंडू)

१० जुलै १९९९. कॅलिफोर्नियातलं पासाडेना, रोझ बोल स्टेडियम. भर उन्हात ९०,१८५ माणसं बसली आहेत. महिला फुटबॉल विश्वचषकाची फायनल, अमेरिका विरुद्ध चीन. १२० मिनिटं झाली तरी गोल नाही.

शूटआउटची शेवटची किक. ब्रँडी चेस्टेन डाव्या पायाने मारते, चेंडू जाळ्यात! जर्सी काढून ती गुडघ्यांवर बसते. तो फोटो जगभर गाजला. जर्सीची चर्चा इतकी रंगली, की त्याआधी चीनची एक किक गोलकीपर ब्रायना स्करीने अडवली होती, याचा विसरच पडतो.

(दृश्य: वॉशिंग्टन, आरएफके स्टेडियम)

या लाटेवर स्वार होऊन १४ एप्रिल २००१ रोजी अमेरिकेत महिलांची व्यावसायिक फुटबॉल लीग सुरू झाली. संघ आठ, पैसा बड्या केबल कंपन्यांचा. पहिल्या सामन्याला ३४,१४८ प्रेक्षक. आणि गंमत बघा, चेस्टेननेच अमेरिकेच्या संघातली आपली सहकारी मिया हॅम हिला पाडलं, हॅमच्या संघाला पेनल्टी मिळाली आणि त्यावर ब्राझीलच्या प्रेटिन्याने लीगमधला पहिला गोल केला.

मग गाडी अडली कुठे? पाच वर्षांसाठी ठेवलेले ४ कोटी डॉलर पहिल्याच वर्षी संपले. हा हिशेबाचा घोळ घरचाच. पण दुसऱ्या मोसमात सामने गेले पॅक्स नावाच्या वाहिनीवर. कौटुंबिक मालिकांची वाहिनी ती. तिथे शनिवारी दुपारी फुटबॉल शोधायला कोण जाणार? मॅच आहे हेच ठाऊक नसेल, तर रेटिंग कुठून येणार? आणि रेटिंग नाही म्हटल्यावर जाहिरातदार ढुंकूनही बघेनात. लोकांना रसच नाही, असं मग खुशाल म्हणता येतं.

१५ सप्टेंबर २००३ ला लीगला टाळं लागलं. पाचच दिवसांनी महिला विश्वचषक सुरू व्हायचा होता. तोही अमेरिकेतच!

(दृश्य: रिकाम्या खुर्च्या, गुंडाळलेली जाळी)

२००९ मध्ये दुसरी लीग आली, तीन मोसम खेळून बंद पडली. २०१३ मध्ये तिसरी आली, एनडब्ल्यूएसएल. ही टिकली. सुरुवातीला तिचे बरेचसे सामने यूट्यूबवर बघावे लागत. नोव्हेंबर २०२३ मध्ये मात्र ईएसपीएन, सीबीएस, अ‍ॅमेझॉन आणि स्क्रिप्स या प्रसारण कंपन्यांनी चार वर्षांच्या प्रसारणासाठी मिळून २४ कोटी डॉलरचा करार केला.

(दृश्य: सॅन होजे, सरावाचं मैदान)

त्याच वर्षी या लीगमध्ये एका नव्या संघाला प्रवेश मिळाला, बे एफसी. नुसती प्रवेश फी ५.३ कोटी डॉलर. जुन्या लीगची पाच वर्षांची शिदोरी होती ४ कोटींची.

या संघाच्या चार संस्थापक माजी खेळाडू आहेत. त्यांतली एक इथलीच, सॅन होजेची. ब्रँडी चेस्टेन.