डायलिसिसची खाज आणि आरशातल्या घडणीचं औषध

(दृश्य: परभणीतलं एक डायलिसिस केंद्र. सकाळची पहिली पाळी.)

पहाटेची एसटी धरून कुणी पाथरीहून आलंय, कुणी गंगाखेडहून. हातातल्या फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी जोडून घेतलेल्या शिरेत, दोन सुया गेल्या की तो हात चार तास हलवायचा नाही. आणि पाठीला खाज सुटते ती नेमकी तेव्हाच. मोकळ्या हातात घरून आणलेली फणी असते. ती सदऱ्याच्या आत जाते आणि खांद्याखाली जिथवर पोचेल तिथवर फिरते.

"काय मामा, झोप झाली का?"

"कशाची झोप, सिस्टर! रातभर खाजवतोय."

(दृश्य: पाठ. कोरडी कातडी, नखांचे ओरखडे, जुने काळे डाग.)

गावात याचं निदान कधीच होऊन गेलेलं असतं. उष्णता झाली, रक्त बिघडलं, नाहीतर खरूज. मग कडुलिंबाच्या पाल्याची आंघोळ होते, खोबरेल चोळलं जातं, आणि घरात त्या माणसाचा टॉवेल वेगळा होतो. खोबरेल लावायला हरकत नाही, कोरड्या कातडीला तेवढंच बरं. पण टॉवेल वेगळा काढणं साफ चूक. ही खाज कुणाला लागत नाही. किडनी निकामी झाल्यावर मज्जातंतू आणि रोगप्रतिकारक पेशी यांचं तंत्र बिघडतं, त्यातून ती येते. म्हणून तर ॲलर्जीवरची सेट्रिझिनची गोळी घेऊन पेशंटला गुंगी येते आणि खाज जागची हलत नाही. डॉक्टर फॉस्फरस बघतात, डायलिसिस पुरेसं होतंय का ते तपासतात, मज्जातंतूंवरचं गॅबापेंटिन हे औषध अगदी कमी मात्रेत देतात. काहींना गुण येतो.

या खाजेवरचं एक औषध मात्र वेगळ्याच घराण्यातलं आहे. अफूच्या.

दचकू नका. अफूतलं मॉर्फिन शरीरात ज्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या खोबणीवर, काम करतं त्याचं नाव म्यू. त्याची भावंडं डेल्टा आणि कप्पा. लांबचा एक चुलतभाऊही आहे, नोसिसेप्टिनचा रिसेप्टर. चौघांची रीत साधारण सारखी: मज्जातंतूत कॅल्शियमचं दार लोटायचं, पोटॅशियमचं उघडायचं, म्हणजे संदेश मंदावतो. परिणाम मात्र निरनिराळे. म्यू चेतवला की वेदना दबते, पण खाज सुटू शकते. कण्यात मॉर्फिन दिलेला पेशंट नाक चोळत बसतो, हे भूलतज्ज्ञांच्या रोजच्या पाहण्यातलं. कप्पा चेतवला तर उलट, खाज शमते.

(दृश्य: अबर्डीन शहर, जुनी छायाचित्रं.)

हे रिसेप्टर शरीरात कशासाठी आहेत? अफूची वाट बघत तर नक्कीच नाहीत. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या अबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून याचं उत्तर काढलं: एन्केफॅलिन. जेमतेम पाच अमिनो आम्लांचं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांचीच छोटी साखळी. टायरोसिन, ग्लायसिन, ग्लायसिन, फिनाइलअलानिन, आणि शेवटी मेथिओनिन किंवा ल्युसिन. कप्पाचं नैसर्गिक पेप्टाइड म्हणजे डायनॉर्फिन. ते अमेरिकेत अव्रम गोल्डस्टाइन यांच्या प्रयोगशाळेने १९७९ मध्ये उजेडात आणलं. त्याचीही सुरुवात टायरोसिननेच.

मग हेच टोचलं तर? टिकत नाही. रक्तातली एन्झाइम्स, म्हणजे कात्रीसारखी काम करणारी प्रथिनं, साखळी मिनिटांत तोडतात. पहिला घाव बहुधा टायरोसिनच्या लगेच पुढच्या जोडावर.

इथे रसायनशास्त्रज्ञांनी एक खोडी काढली. आपल्या प्रथिनांतली अमिनो आम्लं जवळपास सगळी एकाच घडणीची, डाव्या. त्यांचं आरशातलं रूप, म्हणजे उजवी घडण, प्रयोगशाळेत बनवता येते. घटक तेच, पण डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात बसत नाही, तशी ती एन्झाइमच्या खोबणीत बसत नाही. १९७६ मध्ये दुसऱ्या जागी उजवं अलानिन घातलेलं एन्केफॅलिन तयार झालं आणि त्याचा परिणाम टिकू लागला. पुढे याच युक्तीतून डॅम्गो हे पेप्टाइड आलं. म्यूवर इतकं नेमकं, की आजही जगभरच्या प्रयोगशाळा त्याच्याशी ताडून बाकीची औषधं मोजतात. माणसांसाठीचं औषध मात्र ते झालं नाही.

गंमत पुढेच आहे. १९८१ मध्ये इटलीच्या व्हित्तोरिओ एर्स्पामर यांच्या गटाला दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडबेडकाच्या कातडीत डर्मॉर्फिन हे म्यूवर काम करणारं पेप्टाइड सापडलं. दुसऱ्या जागी काय, तर उजवं अलानिन! माणसाने पाच वर्षांपूर्वी काढलेली युक्ती बेडूक कधीपासूनच वापरत होता.

मग १९९० च्या दशकात, चार-चार अमिनो आम्लांची लाखो पेप्टाइड्स मिश्रणांतून एकदम चाळून बघण्याची पद्धत आली. त्यातून कप्पाला पकडणारी एक साखळी हाती लागली. चारही घटक उजवे, आणि सुरुवातीला टायरोसिन नाहीच! निसर्गाचा पाठ मोडूनही ती चालली. त्याच वळणाचं पुढचं औषध म्हणजे डायफेलिकेफॅलिन. दोन फिनाइलअलानिन, एक ल्युसिन, एक लायसिन, सगळी उजव्या घडणीची, आणि टोकाला पाण्याशी सलगी करणारी एक जोडणी.

ती जोडणी फार मोलाची. कप्पा मेंदूत चेतवला तर मन उदास होतं, भास होतात. कप्पावरही काम करणाऱ्या पेंटाझोसिन या वेदनाशामकाचं इंजेक्शन दिलेल्या जुन्या सिस्टरांना हे सांगायला नको. डायफेलिकेफॅलिन पाण्याचं सोबती, त्यामुळे मेंदूभोवतीचं स्निग्ध कुंपण ते सहसा ओलांडत नाही. ते बाहेरच, कातडीकडच्या मज्जातंतूंवर आणि प्रतिकारक पेशींवर काम करतं. म्यूला हात लावत नाही, म्हणून मॉर्फिनसारखी नशा नाही, श्वास मंदावण्याची धास्तीही नाही.

(दृश्य: डायलिसिस संपत आलेलं. सिस्टर परतीच्या नळीकडे येतात.)

अमेरिकेत ऑगस्ट २०२१ मध्ये आणि युरोपात २०२२ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. मात्रा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम. म्हणजे पन्नास किलोच्या पेशंटला पंचवीस मायक्रोग्रॅम, एका मिलिग्रॅमचा चाळिसावा भाग. ते द्यायचं डायलिसिसच्या अगदी शेवटी, कारण मशीन ते धुऊन काढतं. आधी टोचलं तर गेलं पाण्यात. पुढच्या खेपेपर्यंत ते अंगात राहतं, कारण त्याला बाहेर टाकणारी किडनीच चालत नसते.

३७८ पेशंटांच्या चाचणीत 'गेल्या चोवीस तासांतली सर्वांत वाईट खाज, शून्य ते दहा' असं विचारलं जाई. बारा आठवड्यांनी तीन किंवा जास्त अंकांनी उतार पडला तो औषध घेणाऱ्यांपैकी ४९ टक्क्यांना, नुसतं सलाइनसारखं पाणी घेणाऱ्यांपैकी २८ टक्क्यांना. फरक खरा आहे, पण निम्म्यांना एवढा गुण आला नाही, हेही त्याच आकड्यांत आहे.

आपल्याकडे अशी औषधं वापरायची तर दोन गोष्टी आधी बघाव्या लागतील. ती चाचणी आठवड्यातून तीन डायलिसिसवर बेतलेली होती. इथे दोन खेपांवर भागवणारे पेशंट कितीतरी. भाडं आणि बुडणारी मजुरी धरली तर तिसरी खेप जमत नाही. दुसरं, या औषधाने जुलाब, चक्कर आणि चालताना तोल जाणं होऊ शकतं. आमचे मामा तर सुया निघाल्या, पट्टी बांधली, की पिशवी उचलून थेट बसस्टँडची वाट धरतात. साडेबाराची पाथरी गाडी गाठायची असते.