फॉर्म न भरलेली माणसं

(पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी झालेल्या संशोधन कार्यशाळेतलं व्याख्यान, संपादित करून)

आरोग्यावरच्या प्रोजेक्टचे आराखडे हातात आले की मी शीर्षक वाचायच्या आधी एक आकडा शोधतो. 384. तो हमखास सापडतो. विषय झोपेचा असो, पाठदुखीचा असो की परीक्षेच्या ताणाचा, नमुना 384 जणांचा. हा कुठून आणला, असं विचारलं की मुलं एकमेकांकडे बघतात. सीनियरच्या फाइलमधून आलेला असतो, दुसरं काय!

त्यामागचं गणित खोटं नाही. एखाद्या गोष्टीचं प्रमाण निम्म्याच्या आसपास असेल असं धरलं, 95 टक्के विश्वासपातळी घेतली (म्हणजे असे शंभर नमुने घेतले तर साधारण पंच्याण्णव वेळा उत्तर ठरवलेल्या फरकात बसावं) आणि उत्तर 5 टक्के इकडेतिकडे झालेलं चालेल असं ठरवलं, की सूत्रातून 384 बाहेर पडतो. पण सूत्राला एक अट आहे आणि आकडा उतरवून घेताना नेमकी तीच फाइलमध्ये राहून जाते. माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली हवीत, म्हणजे निवडलं जाण्याची संधी प्रत्येकाला सारखी. तुम्ही काय करता? गूगल फॉर्म बनवता, तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकता, ‘प्लीज भरा’ अशी दोनदा आठवण करता आणि 384 झाले की सुटलो म्हणता. अट पाळलीच नाही, तर 384 काय आणि 4000 काय.

झोपेचंच बघा. रात्री दीड वाजता ग्रुपवर आलेला फॉर्म लगेच कोण भरेल? जो दीड वाजता जागा आहे तो. दहाला झोपलेल्याने सकाळी फोन हातात घेतला तेव्हा तुमचा मेसेज दोनशे मेसेजखाली गाडला गेला होता. मग अहवालात निष्कर्ष येतो की विद्यार्थी पुरेसे झोपत नाहीत. नसतीलही झोपत! पण ते तुम्हाला तुमच्या फॉर्मने सांगितलेलं नाही.

लंडनमधली 1854 ची कॉलऱ्याची साथ तुम्ही वाचली आहे. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने मृत्यू नकाशावर मांडले, ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपावर संशय घेतला आणि पंपाचा दांडा काढायला लावला. नकाशा सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला मात्र त्या गोष्टीतली वेगळी माणसं आठवतात. पंपाजवळच एक अनाथ-गरिबांचं वसतिगृह होतं, 535 जणांचं. आजूबाजूला घरंच्या घरं रिकामी होत असताना तिथे 5 जण दगावले. बीअरच्या कारखान्यात सत्तरहून जास्त कामगार, आणि कॉलऱ्याने कोणीच नाही. आपल्यापैकी एखाद्याने हे ‘अपवाद’ म्हणून तळटीपेत ढकललं असतं. स्नो तिथे जाऊन विचारून आला. वसतिगृहाची स्वतःची विहीर होती. कारखान्यातही विहीर होती, शिवाय कामगारांना बीअर मिळायची आणि मालकाच्या मते ते पाणी पीतच नसत. उलट हॅम्पस्टेडला, साथीपासून लांब राहणारी एक विधवा बाई कॉलऱ्याने गेली. चौकशीत कळलं की ब्रॉड स्ट्रीटचं पाणी तिला आवडायचं, म्हणून ती ते रोज मागवायची. जे मरायला हवे होते आणि मेले नाहीत, जिने मरायला नको होतं आणि ती गेली, त्यांच्यामुळे पंपावरचा संशय पक्का झाला. आणि हो, दांडा काढला तेव्हा साथ आधीच ओसरायला लागली होती, हे स्नोनेच लिहून ठेवलं आहे. आपल्या कर्तबगारीचा भाव असा स्वतः उतरवणं फार थोड्यांना जमतं.

तुमच्या हातात एक सत्र आणि रिकामा खिसा आहे. मग छोटं घ्या, पण पुरतं घ्या. एका वर्गातले साठ किंवा वसतिगृहाचा एक मजला. दार वाजवा. साठांपैकी बावन्न जण बोलले तर उरलेल्या आठांबद्दल जे कळेल ते लिहा: दोघे आजारी, एक सुट्टीवर, पाचांनी नको म्हटलं. ताणाचा अभ्यास असेल तर हे नको म्हणणारे पाच फार महत्त्वाचे.

प्रश्न मांडण्याबद्दल एवढंच सांगतो. ‘तुम्ही नियमित व्यायाम करता का?’ याला काही अर्थ नाही. एकाचं नियमित म्हणजे रोज, दुसऱ्याचं नियमित म्हणजे दर जानेवारीला. ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस’ असं विचारा. प्रश्नावली आधी पाच जणांना द्या आणि प्रश्न वाचून काय समजलं ते त्यांना मोठ्याने बोलायला सांगा. तुमचे निम्मे प्रश्न तिथेच बदलतील.

एका गोष्टीवर मात्र थांबायला हवं. नैराश्याच्या अभ्यासासाठी तुम्ही पीएचक्यू-9 ही प्रश्नावली वापरता. नऊ प्रश्न, गुण 0 ते 27. नेटवर मिळते, फुकट आहे, म्हणून घेता. तिचा नववा प्रश्न वाचलात? गेल्या दोन आठवड्यांत मरण बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार आले का, असं तो विचारतो. समजा कोणीतरी ‘जवळजवळ रोज’ वर खूण केली. फॉर्म निनावी. तुम्ही तो महिन्याने एक्सेलमध्ये उघडणार. हा माणूस तर तुमच्यापर्यंत आला होता, फॉर्म भरून आला होता, आणि तुम्ही त्याला रकान्यातला 3 करून ठेवलंत. त्या प्रश्नाचं उत्तर झेलायची तयारी नसेल तर तो विचारू नका. तो वगळलेली पीएचक्यू-8 आहे, ती घ्या. विचारणार असाल तर समुपदेशक आधी ठरवा, मदतीचा नंबर फॉर्मवरच टाका, उत्तरं रोज कोण बघणार ते लिहून ठेवा, आणि ओळख निनावी ठेवायची की नाही याचा निर्णय एथिक्स कमिटीसमोर, म्हणजे माणसांवरचं संशोधन नीतीला धरून आहे का हे तपासणाऱ्या समितीसमोर घ्या. कमिटीला अडथळा समजू नका. तुम्हाला न सुचलेला प्रश्न तिथे कोणीतरी विचारतं.

‘पण सर, एवढ्या छोट्या कामातून निघणार काय?’ हा प्रश्न येणारच आहे, म्हणून सांगतो. 1869 मध्ये बर्लिनला वैद्यक शिकणाऱ्या एका 21 वर्षांच्या मुलाने स्वादुपिंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. बाकीच्या पेशींहून वेगळे दिसणारे छोटे पुंजके त्याला दिसले. त्याने त्यांचं वर्णन प्रबंधात केलं आणि त्यांचं काम काय ते आपल्याला कळलेलं नाही, असं सरळ लिहिलं. पॉल लँगरहान्स त्याचं नाव. 1888 मध्ये तो गेला. त्या पुंजक्यांना त्याचं नाव मिळालं ते 1893 मध्ये. आणि 1921 च्या उन्हाळ्यात टोरांटोला फ्रेडरिक बँटिंग या डॉक्टरसोबत त्या पुंजक्यांचा स्राव वेगळा काढायला जो उभा होता, तो चार्ल्स बेस्ट नुकताच पदवीची परीक्षा देऊन आला होता. तो स्राव म्हणजे इन्सुलिन.

लँगरहान्सच्या प्रबंधाला ‘शिफारशी’ नावाचं प्रकरण नव्हतं. तुमच्या आराखड्यांत ते मला आत्ताच, एकही फॉर्म भरला जायच्या आधी, लिहून तयार दिसतंय. ते तेवढं काढा आणि मग आपण एकेकाचा विषय घेऊ.