भाडं पुतण्याच्या खात्यात, कर मोठ्या बाबांना

नमस्कार मंडळी. डवरणीचे दिवस आहेत. पाऊस उघडला असेल तर तुमच्यापैकी कितीतरी जण धुऱ्यावर बसून हे ऐकत असतील. आमच्या धंद्यातही हाच हंगाम. नोकरदार आणि पेन्शनर लोकांची रिटर्नची तारीख एरवी ३१ जुलै, म्हणून तुमच्याकडे तण आणि माझ्याकडे कागद एकाच वेळी वाढतात. मी तालुक्याच्या गावी इन्कम टॅक्सचं काम करतो.

गेल्या वर्षी एक पोरगा आला. गावात कृषी केंद्र चालवतो. इन्कम टॅक्स खात्याचा मॅसेज माझ्यापुढे धरून म्हणाला, "भाऊ, मी त् फक्त भाडं जमा करून पाठवतो. घर मोठ्या बाबाचं हाय. मंग हा मॅसेज मले कायले आला?"

मोठे बाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. पुण्यात नोकरी केली, तिथंच स्थायिक झाले. गावातलं पक्कं घर एका शिक्षकाला दिलं, महिना ९,००० रुपये. बघणारं कोणी नाही म्हणून पुतण्या बघतो. शिक्षक भाडं याच्याच खात्यात टाकायचा. हा त्यातले १,००० ठेवून ८,००० पुण्याला पाठवायचा. इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते असं. शिक्षक जुन्या पद्धतीनं कर भरणारा, म्हणजे घरभाडे भत्त्याची सूट घेणारा. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की ही सूट घ्यायला कार्यालयात घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. शिक्षकानं पॅन मागितला. मोठ्या बाबांना फोन कोण करतो! पोरानं आपलाच देऊन टाकला. तो पॅन पगारपत्रकामागून टीडीएसच्या, म्हणजे पैसे देतानाच कापलेल्या कराच्या, विवरणात गेला आणि तिथून याच्या एआयएसमध्ये, म्हणजे इन्कम टॅक्स खात्याच्या वार्षिक माहिती पत्रकात: भाडं मिळालं, १,०८,०००.

आता मूळ गोष्ट. भाडं कुणाच्या हातात पडलं याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. घर कुणाच्या मालकीचं, ते बघायचं. सालदार कापूस घेऊन जिनिंगवर जातो, चुकारा त्याच्या हाती देतात. म्हणून कापूस सालदाराचा झाला काय? (पुतण्याला सालदार म्हटलं म्हणून कोणी रागावू नका, उदाहरण आहे.) घर सांभाळण्यापुरतं मुखत्यारपत्र करून दिलं तरी मालक तोच राहतो. आणि घर आपल्याकडे ठेवून "भाडं तेवढं तू घेत जा" असं म्हटलं, तरी ते उत्पन्न मालकाचंच धरतात.

किती धरतात, ते बघा. मोठ्या बाबांना वाटायचं आपलं उत्पन्न वर्षाला ९६,०००, कारण हातात तेवढेच येतात. तसं नाही. पूर्ण १,०८,००० धरायचे. त्यातून मालकानं त्या वर्षात खरोखर भरलेली घरपट्टी वजा. ग्रामपंचायतीची पावती चालते, पण नुसती मागणी निघाली आणि पैसे भरलेच नाहीत तर वजावट नाही. समजा ४,००० भरले. उरले १,०४,०००. त्यावर ३० टक्के सरसकट वजावट, ३१,२००. करासाठी उरले ७२,८००. घरावर कर्ज असेल तर त्याचं व्याज आणखी वेगळं वजा होतं.

या ३० टक्क्यांवरून माझ्याकडे हमखास वाद होतो. "साहेब, गच्ची गळत होती, ६०,००० लागले, ते धरा ना." नाही धरता येत. रंग, डागडुजी, मोटार, विमा, आणि घर बघणाऱ्या नातेवाइकाला दिलेले पैसे, सगळं त्या ३० टक्क्यांच्या पोटात. पण एक रुपयाही खर्च केला नाही तरी ३१,२०० मिळतातच, तेव्हा मात्र कोणी वाद घालत नाही.

मग पुतण्यानं ठेवलेल्या १,००० चं काय? मेहनताना म्हणून घेतले तर वर्षाचे १२,००० हे त्याचं उत्पन्न, त्याच्या रिटर्नमध्ये. काकांनी मायेनं दिले असतील तर करमुक्त, कारण पुतण्यासाठी काका कायद्यानं नातेवाईक आहेत. गंमत उलट बाजूला आहे. काकांसाठी पुतण्या त्या व्याख्येत बसत नाही! पुतण्यानं काकांना वर्षात ५०,००० च्या वर भेट दिली तर सगळी रक्कम काकांच्या उत्पन्नात धरतात. आपल्याकडे रक्त दोन्हीकडून सारखंच मोजतात, कायदा तसं मोजत नाही.

त्या पोराचं काम पुढे सोपं होतं. एआयएसमध्येच कळवायची सोय असते की ही माहिती माझी नाही, दुसऱ्या पॅनची आहे. तसं कळवलं. शिक्षकानं कार्यालयात पॅन दुरुस्त करून घेतला. मोठ्या बाबांनी भाडं आपल्या रिटर्नमध्ये दाखवलं. पेन्शन सहा लाखांच्या आसपास, नवीन पद्धत, त्यामुळे कर निघाला शून्य. ज्या कराला घाबरून घरातले दोन महिने एकमेकांशी धड बोलत नव्हते, तो कर मुळात लागणारच नव्हता! आता तर नवीन पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर लागत नाही. पण एकूण उत्पन्न चार लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरावंच लागतं, आणि त्यात भाडं दाखवावंच लागतं. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा जुना कायदा जाऊन २०२५ चा प्राप्तिकर कायदा लागू झाला आहे. कलमांचे आकडे बदलले, घरभाड्याचं हे गणित तेच आहे.

याहून अवघड प्रकरण वडील गेल्यानंतरचं. बसस्टँडच्या रस्त्यावर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेले तीन गाळे, प्रत्येकी ४,००० भाडं. वडील मृत्युपत्र न करता गेले. नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, अजून त्यांचंच नाव. धाकटा गावात राहतो म्हणून वसुली तो करतो. मालक कोण? फेरफार झाला नाही म्हणून मालकी थांबत नाही. हिंदू वारसा कायद्यानं आई, दोन भाऊ आणि बहीण, चौघांचा चौथा-चौथा हिस्सा. वर्षाचं भाडं १,४४,०००, प्रत्येकाच्या वाट्याला ३६,०००, आणि ३० टक्के वजावट प्रत्येकाला आपापल्या हिश्शावर. एका धाकट्यानं सगळे १,४४,००० आपल्याच रिटर्नमध्ये दाखवले होते. प्रामाणिक माणूस, पण हेही चूकच, आणि वर स्वतःचं नुकसान.

बहिणीचं तर विचारूच नका. ती म्हणते, "माहेरचं कायले घेऊ?" भाऊ म्हणतो, तिनं सोडलंच आहे. तोंडी सोडलेलं कागदावर सुटत नाही. रजिस्टर हक्कसोड पत्र होईपर्यंत हिस्सा तिचा, आणि त्या हिश्शाचं भाडं तिचं उत्पन्न. जिला एक रुपया मिळत नाही तिच्या नावावर उत्पन्न धरलं जातं, हे मला स्वतःला बरं वाटत नाही. म्हणून मी भावांना सांगतो, एक तर तिचा वाटा तिच्या खात्यात टाका, नाही तर तिच्या खुशीनं कागद करा. खुशीनं म्हणतोय मी.

बायकोच्या किंवा सुनेच्या नावावर फुकट घर करून कर वाचतो, असंही काही जण समजतात. वाचत नाही. ज्यानं घर दिलं त्याच्याच उत्पन्नात ते भाडं मिळवतात. मुलगा किंवा मुलगी सज्ञान असेल आणि रीतसर बक्षीसपत्र केलं असेल तर भाडं त्यांचं.

मालक परदेशात राहत असेल तर भाडेकरूनं सावध राहावं. भाडं कितीही कमी असो, सेससकट ३१.२ टक्के टीडीएस त्यानंच कापायचा असतो, पैसे गावातल्या वडिलांच्या खात्यात टाकले तरीही.

शेतीचं वेगळं. मक्त्यानं दिलेल्या वावराचे पैसे शेतीचं उत्पन्न, त्यावर केंद्राचा कर नाही. पण त्याच वावरात मोबाइल टॉवर उभा असेल तर टॉवरचं भाडं शेतीचं नाही.

आता कागद-पेन असेल तर भाडेपावती कशी लिहायची तेवढं सांगतो. वर मालकाचं नाव आणि मालकाचाच पॅन. मग महिना, रक्कम, भाडेकरूचं नाव. खाली "मालकाच्या वतीनं स्वीकारले" असं लिहून पुतण्याची सही. भाडं शक्यतो थेट मालकाच्या खात्यात. ते जमत नसेल तर पुतण्यानं त्यासाठी वेगळं बचत खातं ठेवावं, कृषी केंद्राच्या खात्यात ते पैसे मिसळू नयेत, आणि पुढे पाठवताना "अमुक महिन्याचं भाडं" एवढे शब्द टाकावेत. तो पोरगा आता टाकतो. मोठे बाबा त्याला म्हणाले म्हणे, "एवढा हिशेब त् माया पोरानंबी नाही देल्ला."

नमस्कार.